नादिरा बानू बेगम

दारा शुकोह व औरंगजेब यांच्यामधील वारसायुद्धाची हकीकत विद्यार्थ्यांनीं इतिहासाच्या पुस्तकांत वाचलेली असेलच. त्यांत कोण जिंकला व कोण हरला हें आपणांस पाठ असतें. परंतु हरलेल्या शहाजाद्याबरोबर रानोमाळ हिंडणारी त्याची पत्नी कोण होती, असें सहसा कोणी विचारीत नाहीं. तिचा अल्प परिचय करून देण्याचें आम्हीं योजिलें आहे.

नादिरा बानूचा जन्म इ. स. १६१८ मध्यें झाला. जहांगीर बादशहाचा पुत्र परवीज हा तिचा पिता, आणि अकबराचा पुत्र मुराद याची कन्या जहान बानू ही तिची माता. अर्थात् दोन्हीं बाजूंनीं ती अकबराच्याच वंशांतील होती. १६२६ मध्यें परवीज बऱ्हाणपुरास मरण पावला व ती पितृछत्रास मुकली. शहाजहानची बेगम मुमताजमहल हिनें आपला ज्येष्ठ पुत्र दारा याजकरितां तिला पसंत केलें. परंतु विवाहापूर्वींच, १६३१ मध्यें, बेगमही बऱ्हाणपुरासच निवर्तली. तेव्हां वडील कन्या जहांआरा हिनें आईची इच्छा तडीस नेली, व १६३३ च्या फेब्रुवारींत आग्र्यास मोठ्या थाटानें लग्न लागलें. त्यास सुमारें ३२ लक्ष रुपये खर्च आला व त्यांतील निम्मे जहांआरेनें दिले, असें सांगतात.

पतिपत्नींचें प्रेम फार होतें. दारानें सुंदर चित्रें व सुलेखन यांचा एक संग्रह स्वतः लेख लिहून तिला भेट दिला. तो आजही लंडनच्या ब्रिटिश ग्रंथालयांत जपून ठेविलेला आहे.

पण या सुखाचा पाया डळमळीत होता. ज्येष्ठ पुत्रानेंच तख्तावर बसावें, असा निश्चित नियम मोगल घराण्यांत नव्हता. खुद्द नादिरेचा पिता बंडखोर शहाजहानच्या पाठलागावर एके काळीं गेला होता! १६५७ मध्यें शहाजहान आजारी पडतांच त्याच्या चार पुत्रांत युद्ध जुंपलें. मे १६५८ मध्यें आग्र्याजवळ सामूगढ येथें दाराचा पराभव झाला. मग लाहोर, मुलतान, सिंध, गुजराथ असा त्याचा प्रवास सुरू झाला. मार्च १६५९ मध्यें अजमीराजवळ तो पुन्हां हरला आणि सिंधमार्गें इराणकडे निघाला. वाळवंट, उन्हाळा व अतिसार यांनीं नादिरा खंगत गेली. तरी तिनें पतीची साथ सोडिली नाहीं. जून १६५९ मध्यें बोलन घाटाच्या वाटेवर तिचा अंत झाला.

आपलें दफन हिंदुस्थानांत व्हावें, अशी तिची इच्छा होती. म्हणून दारानें उरलेसुरले विश्वासू शिपाई देऊन तिचा देह लाहोरास रवाना केला. तो असा एकाकी होतांच मलिक जीवन नामक सरदारानें त्याला पकडून शत्रूच्या स्वाधीन केलें. या माणसाचे प्राण पूर्वीं दारानेंच वांचविले होते! ऑगस्ट १६५९ मध्यें दिल्लीस दाराचा वध झाला.

लाहोरास साधु मियां मीर यांच्या दर्ग्याजवळ नादिरेची घुमटाविना साधी कबर आहे. मुमताजसाठीं शहाजहाननें ताजमहाल उभारिला, तेव्हां साम्राज्याचा खजिना त्याच्या हातीं होता. दाराजवळ थोडे शिपाईच काय ते उरले होते, आणि तेही त्यानें पत्नीच्या शेवटच्या इच्छेकरितां दिले. थोर दान कोणतें, हें वाचकांनींच ठरवावें.