गजकर्णाचे कडे आणि त्वचेचे संरक्षण

मराठीत ज्या विकारास गजकर्ण किंवा नायटा म्हणतात, त्यास इंग्रजीने कृमीचे नाव दिले आहे. वस्तुतः तेथे कृमी नसून बुरशी असते. ती केराटिन या प्रथिनावर जगते, आणि केराटिनाचा साठा त्वचेच्या मृत बाह्य थरात, केसांत व नखांत असतो. रक्त तेथवर पोहोचत नाही. त्यामुळे शरीरास शत्रूशी दुरूनच लढावे लागते.

बाह्य थर सतत झडत असतो व त्याबरोबर बुरशीही गळून पडते. त्वचेवरील तेलकट स्रावातील मेदाम्ले तिच्या वाढीस प्रतिकूल असतात. डोक्यावरील गजकर्ण लहान मुलांत अधिक व वयात आल्यावर विरळ आढळते, त्याचे हे एक कारण मानले जाते. एवढ्याने भागले नाही, तर पेशींवरील डेक्टिन-१ हा ग्राहक बुरशीच्या भित्तिकेतील बीटा-ग्लुकान ओळखतो. पेशीतील कार्ड-९ हे प्रथिन तो संदेश पुढे नेते, आणि मग विशिष्ट लसिकापेशी आयएल-१७ हे द्रव्य स्रवून श्वेतपेशींना पाचारण करतात. हे प्रथिन जन्मतः सदोष असल्यास, एरवी वरवर राहणारी बुरशी खोल ऊतींत शिरून क्वचित प्राणघातकही ठरते.

गजकर्णाचे कडे म्हणजे या संघर्षाची सीमारेषाच होय. दाहामुळे पेशी वेगाने झडतात, मध्यभाग निवळतो, आणि बुरशी बाहेरच्या ताज्या केराटिनाकडे सरकते. लाली व खाज ही बव्हंशी शरीराच्या प्रतिकाराचीच लक्षणे आहेत.

मीरा-भाईंदरमधील सिल्व्हर पार्कसारख्या किनारपट्टीच्या नागरी वस्तीत, पावसाळ्यात कपडे घरातच वाळवावे लागतात. दमट वस्त्रे व घाम बुरशीस पोषक ठरतात. अशा वेळी परस्पर आणलेले स्टेरॉइडयुक्त मलम लावले की खाज तत्काळ शमते; परंतु शमतो तो प्रतिकार, बुरशी नव्हे. 2018 साली केंद्र शासनाने अशा अनेक मलमांच्या चिठ्ठीविना विक्रीस प्रतिबंध केला. 2020 साली ‘ट्रायकोफायटॉन इंडोटिनी’ ही जाती स्वतंत्र म्हणून वर्णिली गेली. तिच्या नावातच भारत आहे, आणि तिचे अनेक वाण टर्बिनाफिन या नेहमीच्या औषधास दाद देत नाहीत.

स्टेरॉइडाने कडे पुसट झालेला असा रोग नजरेने ओळखणे तज्ज्ञासही कठीण जाते. तेव्हा चट्ट्याच्या कडेचा कोंडा खरवडून, पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या द्रावात घालून, सूक्ष्मदर्शकाखाली बुरशीचे तंतू शोधावे लागतात.