मेनफ्रेम जोडणीतील लिंक स्टेशनचे पॅरामीटर : नांदेड-लातूरच्या उपग्रह दुव्याच्या संदर्भात एक विवेचन

राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने 1980 च्या दशकाच्या उत्तरार्धात निकनेट हे उपग्रहाधारित जाळे उभारले आणि नांदेड, लातूरसारखी जिल्हा मुख्यालये संगणकीय दळणवळणाच्या कक्षेत आली. पुण्याच्या प्रादेशिक केंद्रात एनईसी कंपनीचा एस-1000 हा मेनफ्रेम होता, तर उपग्रहाशी बोलणारे मुख्य भूकेंद्र दिल्लीत होते. अशा जोडणीत लिंक स्टेशनचे पॅरामीटर कसे ठरतात, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

लिंक स्टेशन म्हणजे दुव्याच्या प्रत्येक टोकाला फ्रेम पाठविणारी, स्वीकारणारी आणि त्यांची पोच देणारी व्यवस्था होय. आयबीएमने 1974 मध्ये जाहीर केलेल्या एसएनए रचनेतील एसडीएलसी नियमावलीत ती स्पष्ट दिसते. निकनेटमधील एक्स.25 पद्धतीची दुवा-पातळी याच कुळातील असल्याने पोच आणि विंडो यांचे तर्कशास्त्र दोन्हीकडे सारखेच आहे.

एसएनएमध्ये प्रथम ओळख पटावी लागते. दुय्यम स्टेशनचा पत्ता (उदाहरणार्थ सी1) दोन्ही टोकांना तंतोतंत जुळला पाहिजे. डायल-अप जोडणीत एक्सआयडी फ्रेममधून तीन अंकी ब्लॉक क्रमांक व पाच अंकी ओळख क्रमांक जातो. हे अंक षोडशमान पद्धतीचे असतात. येथील चूक त्रासदायक असली तरी प्रामाणिक असते, कारण जोडणी होतच नाही. खरी फसगत पुढच्या पॅरामीटरांत आहे. तेथे जोडणी होते, पण चालत नाही.

पोच न येता किती फ्रेम पाठवायच्या, ती संख्या म्हणजे विंडो. साध्या पद्धतीत ती जास्तीत जास्त 7 असते. भूस्थिर उपग्रह सुमारे 36,000 किलोमीटर उंचीवर असल्याने फ्रेम जाऊन तिची पोच परत येण्यास सुमारे अर्धा सेकंद लागतो. माहितीची कमाल लांबी 265 बाइट धरली, तर शीर्ष-शेपटासह 271 बाइटची फ्रेम 9,600 बिट गतीच्या दुव्यावर पाव सेकंदाच्या आत निघते. सात फ्रेम निघेपर्यंत पहिलीची पोच आलेली असते आणि दुवा अखंड चालतो. मात्र गती 64,000 बिट केली की सातही फ्रेम पाव सेकंदातच संपतात आणि उरलेला निम्म्याहून अधिक वेळ दुवा रिकामा बसतो. महागडा दुवा घेऊनही काम मंदच, अशी तक्रार येथे उद्भवते. उपाय विंडोत आहे : किमान 16 फ्रेम हव्यात, त्यासाठी 127 पर्यंत मुभा देणारी विस्तारित क्रमांकन पद्धत दोन्ही टोकांना निवडावी लागते.

प्रतीक्षाकाळाचे गणित अधिक सूक्ष्म आहे. नांदेड व लातूर हे शेजारी जिल्हे. पण मध्यवर्ती भूकेंद्राच्या ताराकृती रचनेत नांदेडचा संदेश उपग्रहावरून दिल्लीला आणि तेथून पुन्हा उपग्रहामार्गे लातूरला जातो. टोकापासून टोकापर्यंत पोच मागितल्यास अर्ध्याचा एक सेकंद होतो. तारेच्या दुव्यासाठी ठरविलेला एक सेकंदाचा प्रतीक्षाकाळ तसाच ठेवला, तर पोच वाटेत असतानाच प्रेषक तीच फ्रेम पुन्हा पाठवितो. पुनर्प्रेषणाची मर्यादा लहान असल्यास तो शेवटी दुवाच बंद करतो. दोषनोंदीत मग 'लाइन खराब' असे उमटते. तंत्रज्ञ अँटेना तपासतो, केबल बदलतो, आणि दोष जागच्या जागी राहतो, कारण तो केबलमध्ये नव्हताच. अशा दुव्यावर प्रतीक्षाकाळ दोन ते तीन सेकंद ठेवणे अधिक सयुक्तिक ठरते. तो फार वाढविला, तर खरोखर हरवलेली फ्रेम उशिरा लक्षात येते, हेही खरे.