निरोप पोचतो, उत्तर अडतं!

मैत्रिणींनो, ‘जुना कॉम्प्युटर भंगारात टाका’ हा सल्ला लगेच ऐकू नका. आमच्या बचत गटाचा सगळा हिशेब कारखान्यातल्या विंडोज एक्सपीवर. एक दिवस ऑफिसमधून तो उघडेचना. नवा घ्यायचा तर गटाची दिवाळीची शिल्लकच मोडावी लागणार!

मग मी ‘आहेस का?’ असं विचारणारी ‘पिंग’ आज्ञा देत पायरी-पायरीनं गेले. ऑफिसचे पत्ते १९२.१६८.१ ने सुरू होणारे, कारखान्याचे १९२.१६८.२ ने, मध्ये राउटर. राउटरच्या दोन्ही पत्त्यांवरून उत्तर आलं. कारखान्यातल्याच दुसऱ्या कॉम्प्युटरवरून विचारलं, तर हिशेबाचा कॉम्प्युटरही बोलला. म्हणजे वायर ठीक. त्याच्यावर ‘आयपीकॉन्फिग’ पाहिलं, तर ‘डीफॉल्ट गेटवे’ची जागा रिकामी! निरोप पोचत होता. उत्तर कुठल्या दारानं बाहेर पाठवायचं, तेच त्याला ठाऊक नव्हतं. तिथे राउटरचा कारखान्याकडचा पत्ता, १९२.१६८.२.१, भरला आणि हिशेब उघडला.

एवढं करूनही कॉम्प्युटर गप्पच असेल, तर फायरवॉल बघा. २००४ च्या सर्व्हिस पॅक २ पासून एक्सपीत ती आपोआप चालू असते. बंद करू नका, ऑफिसपुरती परवानगी द्या. आणि हो, एक्सपीचे सुरक्षा अपडेट्स ८ एप्रिल २०१४ ला थांबलेत, तेव्हा त्याला इंटरनेटपासून लांबच ठेवा!