चार केबल, तरी बारा सर्व्हर गप्प!

चार अपलिंक जोडल्या की काम फत्ते, असं मलाही वाटायचं. सिस्कोच्या नेक्सस २२४८टीपी या फॅब्रिक एक्स्टेंडरला सर्व्हरसाठी ४८ पोर्ट आणि मुख्य स्विचकडे जाणाऱ्या १० गिगाबिटच्या ४ अपलिंक असतात. तो स्वतः स्विचिंग करत नाही. शेजारच्या दोन सर्व्हरचं बोलणंही मुख्य स्विचमधूनच जातं. स्टॅटिक पिनिंगमध्ये ‘मॅक्स-लिंक्स’ ४ ठेवलं, की प्रत्येक अपलिंकच्या वाट्याला १२ पोर्ट येतात. लॅबमध्ये मी एक केबल काढली आणि तिचे १२ पोर्ट बंद! बाकीच्या तिघी धडधाकट, पण मदतीला आल्या नाहीत. मग ‘मॅक्स-लिंक्स’ १ करून चौघींचं पोर्ट-चॅनल बांधलं, पुन्हा केबल काढली. एकूण क्षमता घटली, पण एकही पोर्ट पडला नाही. केबल त्याच, फरक कॉन्फिगरेशनचा!