मनगट, खळ आणि कात्रणे

गेल्या श्रावणात मागच्या अंगणात शेवाळावरून माझा पाय घसरला. माणगावच्या पावसात दारापुढची फरशी कशी होते, हे आपल्याकडच्या वाचकांना सांगायला नको. पडताना उजवा हात टेकला आणि मनगटाजवळचे हाड मोडले. पाळी गेल्यानंतर बायकांची हाडे विरळ होत जातात, मग एवढे निमित्तही पुरते, असे डॉक्टर म्हणाले.

सहा आठवडे प्लॅस्टर होते. त्या काळात माझी एक चूक झाली, ती आधी सांगते. प्लॅस्टरबाहेरची बोटे पहिल्या दिवसापासून उघडझाप करत राहा, असे मला बजावले होते. दुखेल या भीतीने मी ती हलवलीच नाहीत; हात झोळीत घालून बसून राहिले. प्लॅस्टर निघाले तेव्हा मूठ अर्धीच मिटत होती. तांदळाची भाकरी थापणे दूरच, पोलक्याचे हूक लावायला सुनेला हाक मारावी लागे. ती बिचारी हसत येई, पण मला रोज सकाळी रडू फुटे.

व्यायाम सांगितले होते. रबरी चेंडू दाबायचा, बोटे पसरायची, मिटायची. खरे सांगू? दहा वेळा दाबले की कंटाळा येई आणि चेंडू नातू पळवी.

एका रविवारी नात शाळेचे चिकटकाम घेऊन बसली. आंब्याच्या झाडाचे चित्र करायचे होते. “आजी, मला हिरवे तुकडे फाडून दे ना.” जुन्या रंगीत मासिकांतले हिरवे तेवढे शोधून मी फाडत गेले. उठले तेव्हा तासभर झाला होता, आणि तेवढा वेळ माझा अंगठा व तर्जनी न कुरकुरता राबत होती!

पुढच्या खेपेला डॉक्टरांना हे भीतभीतच सांगितले. ते म्हणाले, हा पोरखेळ नव्हे. हातांना आवडीचे काम देऊन ते पूर्ववत करण्याचे स्वतंत्र शास्त्र आहे, व्यवसायोपचार म्हणजेच ऑक्युपेशनल थेरपी. आपल्या देशात ते रुजवले कमला निंबकर यांनी. मूळच्या त्या अमेरिकेतल्या, लग्नानंतर इथल्याच झाल्या. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात १९५० साली त्यांनी या विषयाचे शिक्षण सुरू केले. आणि मी मात्र समजत होते की नातीचा गृहपाठ करते आहे!

तेव्हापासून रोज दुपारी अर्धा तास हेच. वर्तमानपत्राचा कागद उभा सरळ फाटतो, आडवा वेडावाकडा जातो. म्हणून आखडलेल्या बोटांनी सुरुवात उभ्या पट्ट्यांपासून करावी. आठवड्याने आडवे, मग आकार. कात्री त्यानंतर, कारण तिची उघडझाप जड जाते. जाड लग्नपत्रिका तर सर्वांत शेवटी. दुखरा हात फाडील, चांगला हात नुसता धरील, हा नियम मोडायचा नाही. नाहीतर चांगला हात सगळे काम हळूच आपल्याकडे घेतो. खळ बोटाने पसरली की मनगट फिरते, आणि चिकटवलेला तुकडा तळव्याने दाबला की भाकरीचीच सवय होते.

खळ घरीच करावी. वाटीभर मैदा थंड पाण्यात गुठळ्या मोडून कालवावा, चार-पाच वाट्या पाणी घालून मंद आचेवर चकाकी येईपर्यंत ढवळावा. पावसाळ्यात ती दोन दिवसांत आंबते, म्हणून लागेल तेवढीच करावी. कीड लागू नये म्हणून पूर्वी खळीत मोरचूद घालत. ते विषारी आहे. घरात लहान मुले असताना नकोच. रबर सोल्यूशनच्या वासाने डोके धरते, शिवाय ते चटकन पेट घेते; चुलीजवळ आणू नये.

मी आता बिस्किटांच्या जुन्या डब्यावर फुलांची कात्रणे लावते. त्यावर व्हार्निशचे पातळ हात देत जायचे, कडा बोटाला लागेनाशा होईपर्यंत. परदेशात याला डेकुपाज म्हणतात. व्हार्निश पडवीत, वाऱ्यावर बसून लावावे. दम्याच्या माणसाने लावूच नये. १९४१ मध्ये पोटाच्या मोठ्या शस्त्रक्रियेनंतर मातीस हा फ्रेंच चित्रकार अंथरुणात आणि चाकांच्या खुर्चीत बसून रंगवलेले कागदच कापू लागला, आणि ती त्याची गाजलेली चित्रे ठरली. माझा डबा काही गाजणार नाही.

मात्र हे सारे डॉक्टरांनी परवानगी दिल्यावरच. काम थांबवल्यावरही दुसऱ्या दिवसापर्यंत ठणका राहिला तर वेळ निम्मी करावी. बोटे सुजली, बधिर झाली किंवा त्यांचा रंग बदलला, तर कागद बाजूला ठेवून लगेच दवाखाना गाठावा.

पोलक्याचे हूक मी दिवाळीच्या आधीच लावू लागले. भाकरी अजून एका बाजूला जाड होते. नातू म्हणतो, आजी, तीच बाजू मला.