बेडूकडोळीचे मालक किती वर्षांचे?

दोस्तांनो, आठ कोनांच्या बिल्ल्यात 'एमजी' ही अक्षरं असलेली मोटार तुम्ही रस्त्यावर पाहिली असेल. उंच, ऐसपैस, अख्खं कुटुंब सामानासकट मावेल अशी. ती आपल्याकडे गुजरातमध्ये हलोलला तयार होते. पण याच बिल्ल्याची एक मोटार पूर्वी इंग्लंडमध्ये बनायची, तिच्यात माणसं दोनच मावत आणि तीही अंग चोरून! आज गोष्ट सांगायची आहे ती या मोटारीची आणि तिच्या भावंडांची. खरं तर त्यांच्या मालकांची.

इंग्लंडमध्ये उन्हाळ्यातल्या रविवारी अशा जुन्या, छोट्या स्पोर्ट्स मोटारींचे मेळावे भरतात. हिरवळीवर गाड्यांची रांग, छपरं उघडी. आणि शेजारी घडीच्या खुर्च्या टाकून चहा पीत कोण बसलेलं असतं? बहुतेक सगळे आजोबा! काही आज्यासुद्धा. स्पोर्ट्स मोटार म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे काळा चष्मा लावलेला तरुण येतो. मग ही पांढऱ्या केसांची मंडळी इथं कशी?

त्यासाठी १९५८ सालात जाऊ. त्या वर्षी मे महिन्यात 'ऑस्टिन-हीली स्प्राइट' नावाची मोटार बाजारात आली. ती घडवणारे डोनाल्ड हीली तेव्हा साठीला टेकले होते, पण गाडी होती तरुणांसाठी. कर धरून किंमत पावणेसातशे पौंडांच्या आत. लांबी आपल्या मारुती ८०० पेक्षा वीतभरही जास्त नाही. इंजिन ९४८ सीसीचं, ताकद ४३ अश्वशक्ती. बॉनेटवर दोन गोल दिवे टपोऱ्या डोळ्यांसारखे उभे. हे दिवे खरं तर आडवे झोपवता येतील असे करायचे होते, पण त्यात खर्च फार, म्हणून तसेच राहिले. लोकांनी लगेच नाव ठेवलं, 'फ्रॉगआय', म्हणजे बेडूकडोळी!

पैसे वाचवण्यासाठी आणखी काय काय केलं पाहा. दाराला बाहेरून कडीच नाही. आत हात घालून दार उघडायचं. डिकी आहे, पण डिकीला झाकण नाही! स्टेपनी काढायची तर सीट पुढे ढकलायची, पाठीमागच्या अंधारात डोकं खुपसून सरपटत आत जायचं आणि चाक ओढत उलटं बाहेर यायचं. विशीतल्या मुलाला ही गंमत वाटायची. पंचाहत्तरीच्या आजोबांना काय वाटत असेल, ते तुमच्या आजोबांना विचारा! (माझे गुडघे तर नुसतं लिहितानाच कुरकुरले.)

१९६१ मध्ये हिचीच जुळी बहीण 'एमजी मिजेट' आली. १९६२ मध्ये 'ट्रायम्फ स्पिटफायर' आली आणि १९८० पर्यंत तिच्या तीन लाखांहून जास्त गाड्या बनल्या. मिजेट १९७९ मध्ये थांबली.

आता थोडं गणित. १९६१ मध्ये वीस वर्षांच्या असलेल्या मुलानं पहिल्या पगारातून पैसे साठवून मिजेट घेतली. आज तो ऐंशीच्या पुढे आहे. पण मेळाव्यातले सगळेच काही असे पहिल्यापासूनचे मालक नसतात. १९७० मध्ये दहा वर्षांचा एक मुलगा गल्लीतल्या दादाच्या गाडीला हात लावून बघायचा. मोठा झाला. नोकरी, घर, मुलंबाळं. दोनच सीटची गाडी कशी परवडणार? मुलं मार्गी लागली, हाती चार पैसे आले, गराजमध्ये जागा झाली, तेव्हा पन्नाशीत त्यानं ती घेतली. तोही आता साठी ओलांडून गेलाय.

इथं एक गंमत आहे. ब्रिटनमध्ये गाडी चाळीस वर्षांची झाली, की तिला वार्षिक कर माफ होतो. २०१८ पासून, गाडीत मोठे फेरफार केलेले नसतील, तर वार्षिक तपासणीही सक्तीची नाही. मालक सत्तर वर्षांचा झाला, की मात्र त्याला दर तीन वर्षांनी लायसन नव्यानं घ्यावं लागतं. नजर चांगली आहे, तब्येत ठीक आहे, असं लिहून द्यावं लागतं. गाडी म्हातारी झाली की तिची परीक्षा बंद, मालक म्हातारा झाला की त्याची सुरू!

मग तरुण का येत नाहीत? तिथं सतराव्या वर्षी मोटार चालवता येते, पण नवशिक्यांकडून विमा कंपन्या भरमसाट हप्ता घेतात. भाड्याच्या खोलीत राहणाऱ्यानं गाडी पावसात कुठं ठेवायची? लोखंड गंजतं ना! आणि मला सर्वांत मोठी वाटणारी अडचण वेगळीच आहे. ब्रिटनमध्ये ऑटोमॅटिक गाडीवर परीक्षा दिली, तर हातानं गियर टाकायची गाडी चालवता येत नाही. विजेच्या गाड्यांवर शिकणारी मुलं बेडूकडोळी विकत घेऊ शकतील, पण कायद्यानं चालवू शकणार नाहीत!

तरी काही जण येतातच. १९३० पासून चालत आलेल्या एमजी कार क्लबमध्ये तरुण सभासदांची वेगळी शाखा आहे. 'माझदा एमएक्स-५' ही १९८९ ची जपानी गाडी याच छोट्या गाड्यांच्या वळणाची. तिच्या पहिल्यावहिल्या गाड्या आता पस्तिशी पार करून 'जुन्या' झाल्यात, आणि त्या घेणारे बरेचदा गाडीपेक्षा वयानं लहान असतात.

गाड्यांच्या भागांची तशी चिंता नाही. ऑक्सफर्डजवळ विटनी गावात जुन्याच साच्यांवर मिजेटचे नवे सांगाडे ठोकून मिळतात. पण हातातली विद्या साच्यातून कशी काढणार? स्प्राइटला दोन कार्बोरेटर असतात. दोन्ही सारखीच हवा ओढतात की नाही, हे पाहायची जुनी रीत अशी : रबराच्या नळीचं एक टोक कानाला लावायचं, दुसरं एका कार्बोरेटरच्या तोंडाशी धरायचं आणि 'सूंऽऽ' आवाज ऐकायचा. मग दुसऱ्याचा ऐकायचा. दोन्ही आवाज एकसारखे होईपर्यंत स्क्रू थोडा थोडा फिरवायचा.

आता वय झालं, की असे बारीक, उंच स्वर कानाला आधी ऐकू येईनासे होतात. म्हणून आजोबा पाना धरतात आणि नळी नातीच्या कानाला लावतात. ती डोळे मिटून ऐकते. "डावीकडचा जास्त आवाज करतोय," म्हणते. आजोबा स्क्रू पाव फेरा फिरवतात.

"आता?"

"अजून थोडा."