ज्यूल व्हर्नचा अपेक्षाभंग

अंतराळप्रवासाच्या एखाद्या कादंबरीने निराशा केली, असे वाचक म्हणतो तेव्हा उणीव कादंबरीत असते की त्याने तिच्याकडे केलेल्या मागणीत, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. त्याच्या विचारासाठी एक नामी उदाहरण आहे. कारण त्यातील निराश वाचक या वाङ्मयप्रकाराचा अग्रणीच होता. १९०३ साली, पंचाहत्तरी गाठलेल्या ज्यूल व्हर्नने रॉबर्ट शेरर्ड या इंग्रज वार्ताहरापाशी एच. जी. वेल्सच्या १९०१ मधील चंद्रप्रवासाच्या कादंबरीविषयी नापसंती व्यक्त केली. आपण प्रवाशांना तोफेच्या गोळ्यातून पाठवतो, वेल्स मात्र गुरुत्वाकर्षण नाहीसे करणारा धातू कल्पितो. तो धातू त्याने आणून दाखवावा, असा त्याच्या म्हणण्याचा आशय होता. (बोलण्याच्या ओघात वेल्सचे यान त्याने चंद्राऐवजी मंगळावर धाडले. पुस्तक त्याच्या मनात कितपत रुजले होते, याची ही खूणच म्हणावयाची.)

पदार्थविज्ञानाच्या दृष्टीने हा आक्षेप बिनतोड आहे. गुरुत्वाकर्षण अडवणारा पडदा असता, तर चाकाची एकच बाजू त्यावर धरून ते चाक अखंड फिरवता आले असते, आणि ऊर्जेच्या अक्षय्यतेचा नियमच ढासळला असता.

परंतु हीच कसोटी व्हर्नच्या १८६५ मधील चंद्रकादंबरीस लावून पाहावी. तिच्यातील तोफेची नळी ९०० फूट लांबीची. एवढ्या अंतरात सेकंदाला सुमारे ११ किलोमीटर हा वेग गाठावयाचा, तर गोळ्याचे त्वरण पृथ्वीच्या गुरुत्वत्वरणाच्या वीस हजार पटींहून अधिक होते. हा धक्का सोसण्यासाठी व्हर्नने गोळ्याच्या तळाशी पाण्याची योजना केली आहे. ती निरुपयोगी होय. तिन्ही प्रवासी नळीच्या तोंडाशी पोहोचण्यापूर्वीच गतप्राण झाले असते. म्हणजे अशक्यता दोन्हीकडे आहे. व्हर्नची आकडेमोडीच्या आड उभी आहे, एवढेच.

रसभंगाचे कारण अनौचित्य, असे आनंदवर्धनाने सांगितले. ते औचित्य मात्र कृतीने स्वतः घालून घेतलेल्या मर्यादेवरून ठरवावे लागते. व्हर्नच्या ग्रंथाचा बराचसा भाग वर्गणी, ओतकाम, स्फोटक कापसाचे वजन यांच्या हिशोबांनी व्यापलेला आहे. त्याला हिशोब विचारणे रास्त आहे. वेल्स प्रारंभीच एक अशक्य गोष्ट मान्य करावयास सांगतो आणि पुढचे सारे तिच्यावरून उभारतो. आपल्या अशा कथांची जात व्हर्नच्या कथांहून वेगळी आहे, हे त्याने १९३३ च्या प्रस्तावनेत स्वतःच स्पष्ट केले.

या सवलतीच्या बदल्यात वाचकाला मिळते काय, हे पाहणे अधिक उद्बोधक आहे. व्हर्नच्या साधनाने चंद्रापर्यंत जाता येत होते. परत येण्यास चंद्रावर तोफ नव्हती. १८६५ ची कादंबरी प्रवाशांना अधांतरी ठेवून संपली, आणि १८७० च्या उत्तरभागाने त्यांना चंद्राभोवती फिरवून प्रशांत महासागरात आणून टाकले. चंद्राची पलीकडची बाजू काळोखात राहते. एका उल्केच्या स्फोटात क्षणभर काहीतरी दिसते, न दिसते. माझ्या मते हेच त्या ग्रंथातील सर्वोत्तम स्थळ, आणि नेमक्या याच स्थळी गणित मौन धरते. उलट वेल्सचा धातू आपल्याला चंद्राच्या पोटातील अशा समाजात नेतो, जिथे प्रत्येकाचे शरीर बालपणापासून एकाच कामासाठी घडवले जाते, आणि जिथे केव्हर हा शास्त्रज्ञ चंद्राच्या अधिपतीपुढे माणसांच्या युद्धांचे भाबडेपणाने वर्णन करतो. धातू नाकारला की ही सारी प्रकरणेही नाकारावी लागतात. व्हर्नने हा हिशोब केला नाही.

तथापि, वेल्सवर आक्षेप घेण्यास जागा आहे. ती धातूत नसून त्याच्या विल्हेवाटीत आहे. बेडफर्ड एकटा पृथ्वीवर परततो, आणि लगेच एक कुतूहली मुलगा त्या गोलयानात शिरून त्याच्यासह कायमचा नाहीसा होतो. पुढे केव्हर चंद्रावरून बिनतारी संदेश पाठवतो. पण कृती सांगण्याची वेळ येते तोच संदेश खंडित होतो. एकदा मागून घेतलेली अशक्यता जगात शिल्लक राहू नये, म्हणून लेखकाने योगायोगाला दोनदा राबवले आहे. धातू दाखवा म्हणण्याऐवजी तो इतक्या सोयीस्करपणे हरवला कसा, असे व्हर्नने विचारले असते, तर वेल्सला उत्तर देणे जड गेले असते.